डेबियन १३ मधील लिनक्स ६.१२ कर्नल : मेमरी मॅपिंगच्या कामापुरता आढावा

फोंड्यातील आमच्या लहानशा कार्यालयात एका सर्व्हरवर गोव्यातील जुन्या मराठी नियतकालिकांच्या आणि नाट्यसंहितांच्या स्कॅन केलेल्या पानांचा शोध घेण्याची सोय चालते. अभ्यासक ती वर्षभर वापरतात. मात्र दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा जवळ येऊ लागल्या, की उत्सवी नाटक बसवणारी मंडळीही संहिता शोधू लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत नवी पाने चढवण्याचे कामही आमच्याकडे सर्वांत जास्त असते. या सर्व्हरवर २०२५ च्या चतुर्थीच्या सुटीत आम्ही लिनक्सवर आधारलेल्या डेबियन या मोफत कार्यप्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवरून डेबियन १३ वर आलो. डेबियन १२ बरोबर लिनक्सचा ६.१ हा कर्नल, म्हणजे यंत्राची मेमरी आणि डिस्क सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम, येतो आणि डेबियन १३ बरोबर ६.१२. नव्या आवृत्तीतील इतर बदलांविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु हा आढावा मी कर्नलच्या एकाच कामापुरता ठेवतो : फायली मेमरीत मॅप करणे आणि त्या मॅप केलेल्या भागातून वाचणे. आमचा सारा त्रास तिथे होता आणि तो बऱ्याच अंशी तिथेच मिटला.

त्रासाचे स्वरूप आधी सांगायला हवे, कारण त्यावाचून उत्पादनाचे मोल कळणार नाही. आमचा शोधक, म्हणजे शोध घेणारा प्रोग्रॅम, हा एकच प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) आहे आणि त्यात चाळीस थ्रेड, म्हणजे कामाचे स्वतंत्र धागे, एकाच वेळी काम करतात. अनुक्रमणिकेच्या फायली तो एकेक तुकडा वाचून आपल्या बफरमध्ये आणत नाही. ‘एममॅप’ हा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे करायची विनंती, वापरून तो त्या थेट आपल्या पत्त्यांच्या अवकाशात जोडून घेतो. जोडणी झाली, तरी त्या क्षणी मेमरीत काहीच आलेले नसते. थ्रेडने एखाद्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावला, की प्रोसेसर कर्नलला हाक मारतो आणि कर्नल चार किलोबाइटचे संबंधित पान (स्कॅनचे नव्हे, मेमरीच्या हिशेबातले) शोधून त्या पत्त्याशी बांधून देतो. हाच पेज फॉल्ट. पान आधीच कॅशमध्ये, म्हणजे डिस्कवरून वाचून मेमरीत राखून ठेवलेल्या साठ्यात, असेल तर हे काम फार थोड्या वेळात उरकते. अडचण अशी होती, की नवी पाने चढवताना अनुक्रमणिकेचे लहान तुकडे एकत्र करून मोठी फाइल तयार होते, जुन्या फायलींची जोडणी सुटते आणि नव्या फायली जोडल्या जातात. आणि त्या काही क्षणांत सगळे शोध एकदम खोळंबत असत. प्रोसेसर रिकामा, डिस्क शांत, मेमरी मुबलक, तरीही उत्तर येत नाही. आम्ही आधी डिस्कला दोष दिला, नंतर नेटवर्कला. शेवटी ‘पर्फ’ या साधनाने पाहिले, तेव्हा सारे थ्रेड एकाच कुलपापाशी (एका वेळी कोणी काय करावे हे ठरवणाऱ्या कर्नलमधील खुणेपाशी) वाट पाहत उभे असल्याचे दिसले.

त्या कुलपाचे नाव ‘एममॅप लॉक’. २०२० मध्ये आलेल्या ५.८ कर्नलपर्यंत ते ‘एममॅप सेम’ या नावाने ओळखले जात असे. प्रत्येक प्रोसेसच्या संपूर्ण पत्ता-अवकाशासाठी हे एकच कुलूप असते. पेज फॉल्ट सोडवणारा थ्रेड ते वाचनासाठी घेतो आणि असे अनेक थ्रेड एकत्र आत राहू शकतात. परंतु जोडणी करणारा किंवा सोडवणारा थ्रेड ते लेखनासाठी मागतो, आणि लेखनाची मागणी रांगेत उभी राहिली, की तिच्या मागून येणाऱ्या वाचकांनाही थांबावे लागते.

गोव्यातील वाचकाला हे जमिनीच्या नोंदींवरून लवकर उमगेल. पत्ता-अवकाश हा गाव समजावा आणि त्यातील प्रत्येक जोडणी म्हणजे एक सर्वे क्रमांक. जुन्या व्यवस्थेत एका सर्वे क्रमांकाचा फेरफार चालू असताना संपूर्ण गावाची वही आत ठेवली जात असे. ज्याला भलत्याच जमिनीचा एक-चौदाचा उतारा पाहायचा आहे, तोही बाहेर बाकावर बसून राही. प्रत्येक सर्वे क्रमांकाला स्वतःचे कुलूप असावे, म्हणजे ज्या जमिनीचा फेरफार चालू आहे तेवढीच अडेल, ही सुधारणा ऐकायला अगदी साधी वाटते. लिनक्समध्ये ती यायला मात्र बरीच वर्षे लागली.

का लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. पेज फॉल्ट कुलपाशिवायच सोडवून टाकायचा आणि मध्ये काही बदलले असेल तर केलेले काम टाकून द्यायचे, असा प्रयत्न लॉरां दुफूर आणि नंतर मिशेल लेस्पिनास यांनी चिकाटीने केला. पण त्यातील गुंतागुंत पाहता तो मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेला नाही. त्याआधी २०१८ च्या ४.२० कर्नलमध्ये जोडणी सोडवण्याच्या कामातील सर्वांत लांब भाग, म्हणजे पाने मोकळी करणे, हा लेखनाच्या कुलपाखालून काढून वाचनाच्या कुलपाखाली आणण्यात आला होता. त्याने ताण हलका झाला, पण वही एकच राहिली. खरी वाट मोकळी झाली ती २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ६.१ कर्नलमधील ‘मेपल ट्री’मुळे. लियम हाउलेट आणि मॅथ्यू विलकॉक्स यांनी उभारलेल्या या रचनेने जोडण्यांची यादी ठेवणाऱ्या जुन्या मांडण्यांची, म्हणजे रेड-ब्लॅक ट्री, त्याच्या सोबतची लिंक्ड लिस्ट आणि एक छोटी कॅश या तिन्ही गोष्टींची जागा घेतली, आणि मोठे कुलूप न घेता यादीत शोध घेणे शक्य केले. त्यावर सुरेन बगदासर्यान यांनी प्रत्येक जोडणीचे स्वतंत्र कुलूप बसवले, आणि ते २०२३ च्या जूनमध्ये ६.४ कर्नलबरोबर बाहेर आले.

म्हणजे डेबियन १२ मध्ये मेपल ट्री होते, पण स्वतंत्र कुलपे नव्हती. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. ६.४ मध्ये ही सोय फक्त फायलीशी संबंध नसलेल्या मेमरीपुरती होती, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच्या कामासाठी मागून घेतलेल्या मेमरीपुरती. फायलींच्या जोडण्यांवरील बहुतेक पेज फॉल्ट स्वतंत्र कुलपाखाली सोडवण्याची व्यवस्था ६.६ मध्ये आली. त्यामुळे ‘६.४ घातला आणि काहीच फरक पडला नाही’ असे कोणी अनुक्रमणिका किंवा डेटाबेस चालवणारा म्हणाला, तर ते खोटे मानण्याचे कारण नाही. ६.१२ मध्ये दोन्ही बाजू पूर्ण आहेत, शिवाय तो दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल आहे. म्हणून मधल्या आवृत्त्यांच्या मागे न लागता थेट इथवर येणे मला योग्य वाटते.

स्वतंत्र कुलपाची रचना मला मनापासून आवडली, त्यामुळे तिच्यावर दोन वाक्ये अधिक खर्च करतो. बदल करणाऱ्या थ्रेडने अनेक जोडण्यांना हात लावला, तर शेवटी प्रत्येकीचे कुलूप शोधून उघडत बसणे खर्चिक झाले असते. म्हणून प्रत्येक जोडणीवर एक क्रमांक आणि संपूर्ण प्रोसेसवर एक क्रमांक ठेवला आहे. बदल करणारा थ्रेड मोठे कुलूप घेऊन ज्या जोडणीला हात लावणार, तिच्यावर प्रोसेसचा चालू क्रमांक लिहितो. दोन्ही क्रमांक सारखे असले, की ती जोडणी अडवलेली आहे असे समजायचे. काम संपल्यावर तो फक्त प्रोसेसचा क्रमांक एकाने पुढे नेतो, आणि लावलेल्या सगळ्या खुणा त्याच क्षणी निरर्थक होतात. पेज फॉल्ट सोडवणाऱ्याला आपली जोडणी अडवलेली दिसली, तर तो भांडत बसत नाही. जुन्या मार्गाने मोठ्या कुलपापाशी जातो. नव्या वाटेने काम झाले तर उत्तम, नाहीतर जुनी वाट शाबूत आहे. इतक्या नाजूक ठिकाणी बदल करताना हा सावधपणा फार मोलाचा आहे.

आता प्रत्यक्ष अनुभव. बदलाचे श्रेय नेमके कर्नललाच द्यावे की डेबियनच्या नव्या आवृत्तीतील इतर गोष्टींना, हे कळावे म्हणून आम्ही चतुर्थीपूर्वी एका जुन्या यंत्रावर डेबियन १२ तसेच ठेवून बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी नवे सॉफ्टवेअर देणाऱ्या डेबियनच्या संग्रहातून, फक्त ६.१२ कर्नल घातला. त्यावर एका गजबजलेल्या दिवसाचे सगळे शोध नोंदवहीतून काढून पुन्हा त्याच क्रमाने चालवले, आणि त्याच वेळी फायली एकत्र करण्याचे काम मुद्दाम सुरू ठेवले. शोधक तोच, फायली त्याच, यंत्र तेच. जुन्या कर्नलवर एकत्रीकरणाच्या क्षणी दिसणारा सामूहिक खोळंबा नव्या कर्नलवर दिसेनासा झाला. एकट्या शोधाला लागणारा वेळ मात्र होता तेवढाच राहिला, आणि तसेच अपेक्षित होते, कारण पान बांधून देण्याचे मूळ काम बदललेले नाही. बदलली आहे ती दाराशी वाट पाहण्याची वेळ. म्हणून या कर्नलकडून सरासरी वेग वाढण्याची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल. ज्याला अधूनमधून येणारे लांब अडखळणे नको आहे, त्याला तो हवा तेच देतो. जत्रांच्या हंगामात गेली दोन वर्षे येणारे ‘पान फिरतच राहते’ असे फोन यंदा आले नाहीत, हा माझ्या दृष्टीने मोजमापापेक्षा मोठा पुरावा आहे.

आता उणिवांकडे येतो, आणि पहिली उणीव आमच्या पावसाळ्याशी थेट जोडलेली आहे. फोंडा तालुक्यात जोराचा पाऊस आणि वारा सुटला, की तारांवर झाड पडून वीज जाणे नवीन नाही. आमचा यूपीएस ठरावीक वेळ तग धरतो आणि मग सर्व्हर व्यवस्थित बंद करतो. पण पुन्हा सुरू झालेल्या सर्व्हरची पान-कॅश रिकामी असते. अशा वेळी प्रत्येक पेज फॉल्टला डिस्कवरून पान आणावे लागते, आणि इथे ६.१२ ची मर्यादा उघडी पडते. डिस्कची वाट पाहायची वेळ आली, की कर्नल जोडणीचे स्वतंत्र कुलूप सोडून देतो आणि पान आल्यावर तो फॉल्ट पुन्हा सोडवताना जुन्या, मोठ्या कुलपाच्या मार्गाने जातो. म्हणजे कॅश ऊबदार असताना जो लाभ मिळतो, तो ती थंड असताना बराच आटतो. वीज आल्यानंतरच्या पहिल्या तासात कोणी नवी पाने चढवायला घेतली, तर जुन्या खोळंब्याची आठवण होण्याइतका अडथळा अजूनही जाणवतो.

यावर आम्ही साधा उपाय केला. आमच्या यंत्रात ६४ जीबी मेमरी आहे आणि अनुक्रमणिका त्याहून मोठी आहे, त्यामुळे सगळ्या फायली कॅशमध्ये भरणे शक्य नाही. सर्व्हर उठल्यावर शोधक सुरू होण्याआधी एक लहान स्क्रिप्ट फक्त शब्दकोशाच्या, म्हणजे अनुक्रमणिकेतील शब्दांच्या यादीच्या, फायली सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढते, जेणेकरून प्रत्येक शोधाला लागणारी पाने आधीच मेमरीत येतात. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये बदल करणे शक्य आहे, त्यांनी ‘एमॲडव्हाइज’ या कॉलमधील ‘पॉप्युलेट रीड’ हा पर्याय पाहावा, तो ५.१४ पासून उपलब्ध आहे आणि पाने केवळ कॅशमध्ये आणून थांबत नाही, ती पत्त्यांशी बांधूनही ठेवतो. कॅश तयार होईपर्यंत नवी पाने चढवण्याचे काम आम्ही रोखून धरतो. पावसाळ्यात ही शिस्त पाळावीच लागते.

दुसरी उणीव म्हणजे जोडणी करणे आणि सोडवणे ही कामे स्वतः स्वस्त झालेली नाहीत. दोन थ्रेड एकाच वेळी नव्या फायली जोडू लागले, तर त्यांना आजही एकाच मोठ्या कुलपासाठी एकमेकांमागे थांबावे लागते. जोडणी सोडवताना तर आणखी एक खर्च असतो : ज्या ज्या प्रोसेसर-गाभ्यावर त्या प्रोसेसचे थ्रेड चालू आहेत, त्या प्रत्येकाच्या टीएलबीमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या जलद स्मरणवहीत, जुनी नोंद शिल्लक असू शकते, आणि ती पुसण्यासाठी आमच्यासारख्या एक्स-८६ (इंटेल-एएमडी पद्धतीच्या) यंत्रावर गाभ्यांना एकेक निरोप पाठवून त्यांचे चालू काम क्षणभर थांबवावे लागते. गाभे जितके अधिक, तितका हा खर्च मोठा. स्वतंत्र कुलपांचा याच्याशी काही संबंध नाही. लहान लहान फायली सतत जोडणारा आणि सोडणारा प्रोग्रॅम असेल, तर कर्नल बदलण्याआधी तो प्रोग्रॅम तपासावा, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही मोठी एकत्रीकरणे रात्रीवर ढकलली आणि दिवसा फक्त लहान तुकड्यांची भर ठेवली; या एका बदलाचा उपयोग कर्नलच्या खालोखाल झाला.

देखरेखीच्या साधनांबद्दलही सावध राहायला हवे. प्रोसेसची मेमरी किती वापरली जाते हे पाहण्यासाठी आमची एक स्क्रिप्ट दर मिनिटाला ‘स्मॅप्स’ ही प्रणाली-फाइल वाचत असे. ती वाचताना ६.१२ कर्नल मोठे कुलूप वाचनासाठी धरतो आणि प्रोसेसची पाने एकेक करून मोजतो. तेवढ्या वेळात नवी जोडणी करू पाहणारा थ्रेड थांबून राहतो. चाळीस थ्रेड आणि शेकडो जोडण्या असलेल्या प्रोसेसवर हे दर मिनिटाला करणे शहाणपणाचे नाही. आम्ही ती तपासणी तासातून एकदाच ठेवली.

डेबियन १३ मधील एक बदल कर्नलचा नसला, तरी मेमरी मॅपिंगवर थेट परिणाम करणारा आहे, म्हणून तो इथे नोंदवणे भाग आहे. या आवृत्तीपासून तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, म्हणजे ‘टेम्प’, मूलतः डिस्कवर न राहता मेमरीत राहतो आणि एकूण मेमरीच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. आमची स्कॅन-रूपांतराची कामे मोठमोठ्या तात्पुरत्या फायली तिथेच टाकत असत. परिणामी ६४ जीबीपैकी मोठा भाग त्या फायली व्यापू लागल्या आणि ज्या कॅशच्या जोरावर शोधक धावतो, तीच आक्रसू लागली. हा बदल प्रकाशन-टिपणांत स्पष्ट लिहिलेला आहे आणि तो मागे घेण्याची रीतही तिथेच दिली आहे, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नाही. मोठ्या फायलींशी काम करणाऱ्या प्रत्येकाने मात्र आवृत्ती चढवण्याआधी ते टिपण वाचावे.

फाइल-प्रणालीच्या, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीच्या, निवडीविषयीही बोलले पाहिजे, कारण इथे आम्हाला पूर्ण लाभ अजून मिळालेला नाही. अलीकडच्या कर्नलमध्ये कॅश चार किलोबाइटच्या सुट्या पानांऐवजी मोठ्या जुड्यांमध्ये ठेवता येते, आणि अशी जुडी असली, की एका पेज फॉल्टमध्ये अनेक पाने एकदम बांधून देणे सोपे जाते. ‘एक्सएफएस’मध्ये ही सोय २०२२ च्या ५.१८ कर्नलपासून आहे. ‘ईएक्सटी-४’मध्ये साध्या फायलींसाठी ती २०२५ च्या ६.१६ मध्ये आली. डेबियन १३ चा कर्नल ६.१२ असल्यामुळे ‘ईएक्सटी-४’वर फायली ठेवणाऱ्याला ती मिळत नाही, आणि आमची अनुक्रमणिका आज ‘ईएक्सटी-४’वरच आहे. प्रोग्रॅमने स्वतःसाठी मागितलेल्या खासगी मेमरीसाठी मधल्या आकारांची मोठी पाने ६.८ पासून उपलब्ध आहेत, पण ती मूलतः बंद असतात आणि फायलींच्या जोडण्यांना त्यांचा उपयोग नाही. आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न कोणी विचारला, तर इतिहास लपवण्यासारखा नाही. मेपल ट्रीच्या आगमनानंतर स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅमची तात्पुरत्या नोंदींची मेमरी, वाढवण्याच्या कामात कुलपाची एक गंभीर चूक शिल्लक राहिली होती. ‘स्टॅकरॉट’ या नावाने ती २०२३ मध्ये उघड झाली आणि तिचा फटका ६.१ ते ६.४ या कर्नलांना होता. ६.१ मालिकेत ६.१.३७ मध्ये ती दुरुस्त झाली. स्वतंत्र कुलपे आल्यावर पहिल्याच काही आठवड्यांत, प्रोसेसची प्रत काढणाऱ्या ‘फोर्क’च्या वेळी मेमरी बिघडण्याचा दोष सापडला, आणि दुरुस्ती होईपर्यंत ही सोय बंद ठेवण्याचा निर्णय घेतला गेला. या दोन्ही घटना वाचून मला कर्नलची भीती वाटली नाही. दोष मान्य करून काही दिवसांत तो निस्तरणारी माणसे त्यामागे आहेत, हे दिसले. पण नव्या सोयीची पहिली आवृत्ती कामाच्या सर्व्हरवर घालू नये आणि डेबियनसारख्या सावकाश चालणाऱ्या वितरणाची वाट पाहावी, हे माझे मत त्यामुळे अधिक पक्के झाले. डेबियन १३ ला तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, त्यामुळे आमच्यासारख्या लहान कार्यालयाला दरवर्षी ही उलथापालथ करावी लागत नाही.

किंमत म्हणाल, तर सॉफ्टवेअर मोफत आहे आणि आमचा खर्च झाला तो चाचणीच्या चार संध्याकाळी आणि चतुर्थीच्या सुटीतला एक दिवस. अनेक थ्रेडचा एकच प्रोसेस, मोठ्या फायलींची जोडणी आणि चालू कामातच होणारी फायलींची अदलाबदल, या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे एकत्र आहेत, त्यांनी डेबियन १२ वर थांबू नये. एकेका थ्रेडचे अनेक वेगळे प्रोसेस चालवणाऱ्यांना मात्र या सुधारणेचा लाभ जवळपास मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे प्रत्येक प्रोसेसची वही आधीपासूनच वेगळी आहे. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दकोशाच्या फायली ‘एक्सएफएस’च्या वेगळ्या डिस्कवर नेऊन तीच चाचणी पुन्हा करण्याचे आम्ही ठरवले आहे, जत्रांचा हंगाम सरला, की ते काम हाती घेऊ.